बोलण्यातलं इंग्रजी आणि कागदावरचं इंग्रजी

माळशिरस तालुक्यात 'रिकव्हरी किती?' असं कुणाला विचारायचं झालं, तर आपण कुठे उभे आहोत ते आधी बघावं लागतं. कारखान्याच्या गेटवर या प्रश्नाला साखरेचा उतारा सांगतील, बँकेत वसुलीचा आकडा सांगतील आणि दवाखान्यात पेशंट कितपत सावरलाय ते सांगतील.

आपल्याकडे इंग्रजी दोन वाटांनी आलं. एक वाट कानाची. एसटी स्टँड, मोटारीचं गॅरेज, साखर कारखाना, सिनेमा, आता मोबाईल. दुसरी वाट कागदाची. कोर्ट, बँक, रजिस्ट्रार ऑफिस, दवाखाना. कानानं आलेला शब्द आपण हवा तसा वाकवला आणि मराठी करून टाकला. कागदानं आलेला शब्द मात्र तसाच ताठ राहिला. दोन्हींचं स्पेलिंग एकच असल्यामुळे माणूस फसतो. तेव्हा कुठला शब्द कुठे थांबून वाचायचा, एवढंच या लेखात पाहू. बोलीतलं इंग्रजी सोडून द्या, असा उपदेश मी करणार नाही. 'डेंजर' म्हणजे 'फारच भारी' हा अर्थ आपल्या पोरांनी काढला आहे आणि तो झकास आहे. फक्त महावितरणच्या डीपीवर कवटीखाली लिहिलेला 'डेंजर' तो नव्हे.

आधी उसापासून सुरुवात करू. अकलूजजवळचं शंकरनगर, सदाशिवनगर, श्रीपूर, माळीनगर असे कारखाने तालुक्यात आहेत. माळीनगरची सासवड माळी शुगर फॅक्टरी तर १९३०च्या दशकात शेतकऱ्यांनीच उभी केली. त्यामुळे चिटबॉय, नंबरटेकर, केनयार्ड, टनेज, क्रशिंग हे शब्द इथे रानात वाढलेत. ज्या आजोबांना इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही, तेही 'यंदा क्रशिंग उशिरा सुरू झालं' म्हणतात, आणि त्यांचा कॉलेजातला नातू 'क्रश' म्हणतो तेव्हा त्याचा गाळपाशी काही संबंध नसतो.

याच शब्दांतला 'रिकव्हरी' शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेला आहे. १०० किलो उसातून जेवढे किलो साखर निघाली, तेवढे टक्के रिकव्हरी. दहा टक्के म्हणजे टनाला १०० किलो साखर. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के रिकव्हरीला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस', ठरवली. त्यापुढे रिकव्हरीच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. एकरी ५० टन ऊस गेला असेल तर या एका दशांशाचे १,७३० रुपये होतात. म्हणून 'रिकव्हरी जरा कमी बसली' हे वाक्य ऐकून सोडून देऊ नका. किती बसली आणि कुठल्या हंगामाची धरली, हे विचारा. यावरून कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. आणखी एक. ही रिकव्हरी कारखान्याची सरासरी असते, तुमच्या रानाची नव्हे. 'माझ्या उसाला चांगली रिकव्हरी आहे' हे पारावर बोलायला ठीक, बिलात त्याला जागा नाही.

एफआरपीतला पहिला शब्द 'फेअर'. शाळेत 'फेअर' म्हणजे पक्की वही, लग्नाच्या बायोडाटात 'फेअर' म्हणजे गोरी, आणि इथे 'फेअर' म्हणजे रास्त. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागतं. आणि कारखान्यानं थकवलेच, तर साखर आयुक्त 'आरआरसी', म्हणजे 'रेव्हेन्यू रिकव्हरी सर्टिफिकेट', काढतात. त्यातला मधला 'आर' म्हणजे पुन्हा तीच रिकव्हरी. यावेळी अर्थ वसुली, आणि तीही कारखान्याकडून, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. म्हणजे हा शब्द कधी तुमच्या बाजूनं उभा असतो, कधी तुमच्या दारात. दारात आलेल्या रिकव्हरीवाल्यालाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करायचे नसतात.

आता कर्जाचे कागद. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात महाग गैरसमज इथे होतात.

मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'आऊटस्टँडिंग' लिहून आलं तर पेढे वाटावेत. तोच शब्द बँकेच्या पत्रात आला तर त्याचा अर्थ येणे बाकी. 'युवर आऊटस्टँडिंग' म्हणजे तुमची थोरवी नाही, तुमचं देणं. त्याच्या शेजारी 'ओव्हरड्यू' दिसला तर मुदत उलटून गेलेली रक्कम समजा. आऊटस्टँडिंग हा प्रत्येक कर्जदाराचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओव्हरड्यू दिसला की मात्र त्याच आठवड्यात शाखेत जा.

'सँक्शन' म्हणजे मंजुरी. आपण मंजुरीपत्र हातात पडलं की 'लोन झालं' म्हणतो आणि ट्रॅक्टरला हार घालून मोकळे होतो. पैसे खात्यातून सुटतात त्याला 'डिस्बर्समेंट' म्हणतात, आणि या दोहोंच्या मध्ये अटींची एक यादी असते. ती वाचलेली नसली की वाद होतात. गंमत म्हणजे हाच 'सँक्शन' बातम्यांत येतो तेव्हा त्याचा अर्थ उलटा, म्हणजे निर्बंध असा होतो. अमेरिकेनं एखाद्या देशावर सँक्शन लावले, म्हणजे त्या देशाला कर्ज मंजूर केलं असं नव्हे!

पण सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'सेटल'. 'पोरगा सेटल झाला' यात नोकरी, लग्न, पुण्यात फ्लॅट असं सगळं आलं. 'मॅटर सेटल केलं' म्हणजे भांडण मिटवलं. दोन्हीकडे समाधानाचा सुस्कारा आहे. तोच शब्द सिबिलच्या अहवालात तुमच्या कर्जापुढे 'सेटल्ड' म्हणून आला, तर तो डाग आहे. त्याचा अर्थ असा, की या माणसानं पूर्ण पैसे भरले नाहीत, बँकेनं थोडे सोडून देऊन खातं मिटवलं. पुढच्या वेळी दुसरी बँक ते वाचते आणि हात आखडता घेते. तुम्हाला तिथे हवा असतो तो शब्द 'क्लोज्ड'. म्हणून वसुलीवाला फोनवर गोड आवाजात म्हणाला, की 'दादा, सेटलमेंट करून टाका, निम्म्यात मिटवू', तर दोन प्रश्न विचारा. अहवालात काय लिहून जाईल? आणि बेबाकीचा दाखला मिळेल का? खरोखर ऐपत नसेल तर तडजोड जरूर करा, त्यात लाज नाही. पण डोळे उघडे ठेवून करा.

'गॅरंटर' या शब्दाचं आपण 'नुसती सही' असं भाषांतर करून ठेवलंय. पाव्हण्यासाठी, मित्रासाठी, भावकीसाठी नुसती सही. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागून मग तुमच्याकडे यावं लागत नाही, ती थेट तुमच्या दारात येऊ शकते. पंगतीत बसून ज्याला 'माझी गॅरंटी' म्हणता, त्याला कागदावरही तेच म्हणणार का, हे ठरवायला एक रात्र घ्या.

चेक 'बाऊन्स' झाला हे आपण बोलतो. बँकेच्या मेमोवर तो शब्द बहुधा नसतो. तिथे 'फंड्स इन्सफिशंट' किंवा 'रिफर टू ड्रॉवर' असतं, आणि कायद्यात 'डिसऑनर' असतं. 'रिफर टू ड्रॉवर' वाचून 'काहीतरी तांत्रिक दिसतंय' असं समजून गप्प बसू नका. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि समोरच्याला पैसे भरायला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस असतात. पराक्राम्य संलेख कायद्यातलं कलम १३८ ते हेच.

जमिनीच्या व्यवहारात शब्दांची आणखी गर्दी. 'एनए प्लॉट' म्हणजे बिगरशेती, हे इथे शेंबड्या पोराला माहीत. पण नोकरीच्या किंवा शाळेच्या फॉर्ममध्ये 'एनए' लिहा म्हटलं की ते 'लागू नाही' या अर्थानं. 'डीपी'चे तर हाल विचारू नका. रानात डीपी जळते, मोबाईलवर डीपी बदलतात, शेअर बाजारात डीपीकडे खातं असतं आणि नगरपंचायतीत डीपी म्हणजे विकास आराखडा. 'प्लॉटला लागून डीपी रोड आहे' असं एजंट म्हणाला, तर ती आराखड्यातली रेघ असू शकते. प्रत्यक्ष रस्ता असेलच असं नाही. आधी नकाशा बघा.

जुन्या सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. हॉटेलचा मॅनेजर गल्ला सांभाळतो, बँकेचा मॅनेजर कर्ज देतो, पण हा मॅनेजर म्हणजे कुटुंबाच्या वतीनं ज्याचं नाव लागलं तो कर्ता. त्या नोंदीनं सगळी जमीन त्याच्या एकट्याच्या मालकीची होत नाही. इतर वारसांचा हक्क त्या दोन-तीन अक्षरांत दडलेला असतो. जमीन घेणाऱ्यानं तर ती अक्षरं भिंग लावून वाचावीत.

खरेदीखताचा मसुदा इंग्रजीत असेल तर 'कन्सिडरेशन' शोधा. आपण 'जरा कन्सिडर करा साहेब' म्हणतो, ती विनंती. दस्तातलं कन्सिडरेशन म्हणजे मोबदला, रोख आकडा. आणि बँकेच्या लिलावाच्या जाहिरातीत 'ॲज इज व्हेअर इज' असं असतं. आहे तशी, आहे तिथे. आत कूळ बसलेलं असो, वीजबिल थकलेलं असो, तुम्ही ते गृहीत धरून बोली लावली असं समजतात. स्वस्ताईचं निम्मं कारण बऱ्याचदा त्या चार शब्दांत असतं.

पोलीस ठाण्यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, बोलीतलं इंग्रजी तक्रारीत लिहिणं. 'मॅटर झाला', 'टेन्शन दिलं', 'सेटिंग केली', 'टाईट होऊन आला' हे पारावर सगळ्यांना कळतं, कागदावर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्यानं काय केलं ते लिहा. धमकी दिली, तर कुठल्या शब्दांत. मारलं, तर कशानं आणि कुठे. दारू प्यायला होता असं वाटलं, तर तोंडाला वास येत होता का. दुसरी चूक 'एनसी'ची. 'केस केली' म्हणून माणूस घरी येतो आणि हातात असते ती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. तिचा तपास पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत. हातातला कागद एनसीचा आहे की एफआयआरचा, हे ठाण्यातून बाहेर पडण्याआधी विचारा.

'हाफ मर्डर' नावाचा गुन्हा कुठल्याच कायद्यात नाही, हेही सांगून टाकतो. त्याला खुनाचा प्रयत्न म्हणतात. आणि आपण ज्या आकड्यांना शिव्यांसारखं वापरत आलो, ते आकडेही १ जुलै २०२४ पासून बदललेत. भारतीय न्याय संहितेत 'चारसोबीस'ची जागा ३१८(४)नं घेतली, 'तीनशे दोन'ची १०३(१)नं आणि 'तीनशे सात'ची १०९नं. बोलीत मात्र चारसोबीस अजून पन्नास वर्षं टिकेल, असा माझा अंदाज आहे. 'तो मोठा तीनशे अठरा आहे' या वाक्यात जीव नाही.

दवाखान्यात तर चांगल्याचं वाईट आणि वाईटाचं चांगलं होतं. व्याख्यानात 'पॉझिटिव्ह राहा' सांगतात, रिपोर्ट मात्र निगेटिव्ह यावा म्हणून आपण नवस बोलतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'अनरिमार्केबल' असं असलं तर नाराज होऊ नका, नोंद घ्यावी असं काही बिघडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. उलट 'पेशंट स्टेबल आहे' ऐकून लगेच निर्धास्तही होऊ नका. स्टेबल म्हणजे आहे त्या अवस्थेत टिकून आहे. ती अवस्था गंभीर असू शकते. पुढचा प्रश्न विचारा, 'सुधारणा आहे का?'

चिठ्ठीवरची अक्षरं लॅटिनमधून आलीत. 'ओडी' दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना. बँकेत ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट आणि टीडीएस म्हणजे व्याजातून कापलेला कर. गोळीपुढे 'एसओएस' दिसलं की घरातले हबकतात, कारण सिनेमात बुडणारं जहाज तो संदेश पाठवतं. चिठ्ठीवर त्याचा अर्थ 'गरज पडली तरच'. ती गोळी रोज घ्यायची नसते.

'डिस्चार्ज'ही तसाच. दवाखान्यातून सुट्टी, जखमेतून येणारा स्राव, उतरलेली बॅटरी. पावसाळ्यात नीरेकाठच्या गावांना वीर धरणातून सोडलेल्या पाण्याचा डिस्चार्ज कळतो, तो क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. आणि कोर्टात 'डिस्चार्ज' म्हणजे खटला उभा राहण्याआधीच आरोपातून वगळणं. पुराव्यानंतर निर्दोष सुटणं वेगळं.

आता पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात गेलेल्या मुलांसाठी. 'मी २०२३ला पासआऊट झालो' हे वाक्य भारतात चालतं. अमेरिकेतल्या मुलाखतीत त्याचा अर्थ 'मी बेशुद्ध पडलो' असा होईल. तिथे 'ग्रॅज्युएट झालो' म्हणा. 'आय हॅव अ डाऊट' म्हटलं की समोरच्याला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. शंका विचारायची असेल तर 'क्वेश्चन' म्हणा. 'काइंडली रिव्हर्ट'मधला रिव्हर्ट म्हणजे आपल्याकडे उत्तर देणं, मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं. घराची मागची बाजू 'बॅकसाइड' म्हणू नका, तो शरीराचा भाग होतो. अमेरिकेत खोडरबराला 'रबर' म्हणू नका, दुकानदार भलतीच वस्तू देईल. 'लेट्स हूक अप' हे 'भेटूया' या अर्थानं अनोळखी माणसाला तर मुळीच लिहू नका, त्यात शरीरसंबंधाचा इशारा आहे. आणि विवाहाच्या जाहिरातीतलं 'होमली' अमेरिकेतल्या मुलानं वाचलं तर त्याला 'दिसायला बेताची' असं ऐकू येतं. आपल्याला म्हणायचं असतं घरगुती.

मात्र 'प्रीपोन'ला हसणारे इंग्रजीचे मास्तर मला पटत नाहीत. तो शब्द भारतात रुळला, गरजेतून रुळला आणि ऑक्सफर्डनंही घेतला. 'स्टेपनी'लाही हसू नका. वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४मध्ये जादा चाकाचा धंदा सुरू झाला, त्या रस्त्याचं नाव आपल्या ट्रकवाल्यांनी जपलं. इंग्लंडमध्ये तो शब्द आज कुणाला सांगून कळत नाही.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. शब्दकोशात शब्दाच्या शेजारी जी बारीक खूण असते, ती वाचायची सवय लावा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता केलेला कोश १९४२मध्ये निघाला. त्यातूनच आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी झाली. त्यात 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'स्लँग', 'ऑफेन्सिव्ह', 'टॅबू' अशा खुणा असतात. आपण अर्थ बघतो आणि खूण सोडून देतो. स्लँगची खूण असलेला शब्द अर्जात नको, फॉर्मलची खूण असलेला मित्राला पाठवलात तर तो हसेल. याच कोशात २०२०च्या आवृत्तीत 'चाळ' आणि 'डबा' हेही शब्द आले. मोबाईलवर भाषांतर करायचं असेल तर सुटा शब्द टाकू नका, अख्खं वाक्य टाका. सुट्या 'आऊटस्टँडिंग'चं मोबाईल 'उत्कृष्ट' करतो आणि तुम्ही नोटीस बाजूला ठेवून देता.

आणि मुळात इंग्रजीत झगडायची प्रत्येक ठिकाणी गरजच नाही. १९६४च्या राजभाषा अधिनियमानुसार राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे, त्यामुळे तहसीलला किंवा पंचायत समितीला मोडक्या इंग्रजीत अर्ज करण्याचा अट्टहास सोडा. चांगल्या मराठीतला अर्ज जास्त वजनदार असतो. बँकांच्या बाबतीत, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेनं 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' सक्तीचं केलं आहे, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं आहे. सगळे खर्च धरून वर्षाला किती टक्के पडणार, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस तशाच ठेवाव्या लागतात. तेव्हा ते पत्रक मराठीत मागा, घरी आणा, आणि ते तीन दिवस पुरते वापरा.